गाडी तर आहेच ना!

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. घरात आम्ही पाच माणसं. मी, माझे यजमान, ११ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. आम्ही दोघंही नोकरी करतो. सध्या शहरात भाड्याच्या घरात राहतो. जागा अपुरी पडते, पण खाली उतरलं की सगळं हाताशी. आता शहराबाहेर २८ किलोमीटरवरच्या नव्या वसाहतीत एक घर पाहिलं आहे. तीन बेडरूम, पुढे अंगण, मागे मोकळी जागा. शहरात याच्या निम्म्या आकाराच्या फ्लॅटला जे पैसे पडतात, त्याच्या पाऊणपटीत हे मिळतंय. ह्यांच्या डोळ्यांपुढून ते अंगण हलत नाही. पण बस तासाला एक, शेवटची रात्री ८ वाजता. सर्वांत जवळचं दुकान ५ किलोमीटरवर. मला गाडी चालवता येत नाही. मी काही बोलले की हे म्हणतात, ‘गाडी तर आहेच ना! आणि पाच वर्षांत रेल्वे येणारच आहे.’ मी उगाच खुसपटं काढते आहे का? महिनाभरात टोकन द्यायचं आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

खुसपटं काढत नाही आहात. तुमच्या यजमानांनी ते घर पाहिलं, तुम्ही तिथला मंगळवार पाहिलात, एवढाच फरक आहे. घरं आपण सुट्टीच्या दिवशी बघायला जातो. रस्ता मोकळा, ऊन कोवळं, मुलं खुशीत, गाडीत सगळे एकत्र. पाचही जणांना एकाच वेळी एकाच ठिकाणी जायचं असतं असा तो आठवड्यातला एकुलता एक दिवस, आणि नेमकं त्याच दिवशी आपण ठरवून टाकतो की एक गाडी असली की भागतं.

पुढे काही लिहिण्याआधी कबुली देऊन टाकते. अशाच एका वसाहतीत मी आठ वर्षं राहिले आहे, त्यामुळे माझा काटा अगदी मधोमध नाही. पण तिथली झोप मला अजून आठवते. रात्री खिडकी उघडी टाकून झोपता यायचं. मुलगी सायकल तिथेच शिकली, कारण आमच्या गल्लीत तासाला दोन गाड्या यायच्या. पसारा मांडायला जागा असणं, भांडण झालं की दुसऱ्या खोलीत जाऊन बसता येणं, परीक्षेच्या दिवसांत एकाला दार लावून घेता येणं, ही सुखं खरी आहेत. मोठ्या घरात राहून दुसऱ्याच्या मोठ्या घराच्या हौसेला नावं ठेवणाऱ्यांचं मला हसू येतं. दूरच्या घरांकडे लोक जातात ते जवळचं परवडत नाही म्हणून जातात, आणि हे आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहिलं. जवळपास एकाच साच्यातली १७ हजारांहून जास्त घरं. (गोऱ्यांखेरीज कुणाला विकायची नाहीत अशी अट होती, तो लाजिरवाणा भाग वेगळा.) युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या तिथे रांगा लागल्या होत्या. नातेवाइकांकडे एका खोलीत दिवस काढलेल्या माणसाला कुणी स्वतःचं घर आणि वर हिरवळीचा तुकडा देऊ केला, तर तो ऑफिस किती लांब ते कशाला मोजेल?

तेव्हा अंगण हवंसं वाटण्यात चूक काही नाही. घोळ आहे तो ‘आहेच ना’ मध्ये.

गाडी आहे, मान्य. पण कुठे आहे? सकाळी पावणेआठला ती यजमानांबरोबर निघणार आणि संध्याकाळी सातला परत येणार. मधले सव्वाअकरा तास ती तुमच्या दारात नाही, ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी आहे. म्हणजे घरात पाच माणसं, त्यांतल्या एकाकडे गाडी आहे आणि चौघांकडे नाही. तुमच्या मंगळवारात हे चौघं काय करतील ते बघा. तुम्हाला साडेनऊला कामावर पोचायचं. यजमानांबरोबर निघालात तर चार वर्षांच्या मुलीला इतक्या सकाळी कुठे सोडणार, आणि नंतर निघालात तर तासाला एक असलेली बस चुकली की त्या दिवसाचं काय? मुलाला शाळेची बस घराशी आणून सोडेल, पण खेळाच्या सरावाला थांबला तर ती बस निघून गेलेली असेल. सासूबाईंच्या चष्म्याची काडी मोडली. पाळणाघरातून फोन आला, मुलीचं अंग गरम लागतंय. यातलं एकही संकट नव्हे, साधा आठवडा आहे. आज शहरात या गोष्टी तुम्ही मंडळी आपापल्या पायांनी उरकता. तिथे त्या सगळ्या एका किल्लीला बांधलेल्या असतील, आणि किल्ली २८ किलोमीटरवर यजमानांच्या खिशात.

पहिल्या वर्षात काय होईल ते सांगते. माझ्या घरी झालं, आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत झालं. दुसरी गाडी येईल. तुम्ही ती चालवायला शिकाल. (शिकाच. कुठेही राहिलात तरी उपयोगी आहे, आणि ‘मला येत नाही’ हे वाक्य घरातल्या वादात फार दुबळं पडतं.) पण तुम्ही शिकलात की बाकीच्या तिघांच्या येण्याजाण्याची जबाबदारी कुणी न सांगता तुमच्याकडे सरकेल. ही नोकरी कुणी देत नाही, अंगावर पडते. रोज संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर दोन फेऱ्या, शनिवार पुरा. मुलाचा क्लास तासाभराचा असतो. सोडून घरी येऊन परत आणायला जाण्याइतका वेळ मध्ये नसतो, म्हणून तो तास गाडीतच काढायचा. स्टीअरिंगला टेकवून मी कितीतरी पुस्तकं वाचली आहेत. एकदा रात्री आठ वाजता मुलीला आठवलं की उद्याच्या भूमितीच्या तासाला कर्कटक लागणार आहे. सात किलोमीटर जाऊन, सात किलोमीटर येऊन मी एक कर्कटक आणला. दुकानदार शटर ओढत होता. इंधन कर्कटकापेक्षा महाग पडलं असेल.

त्यावरून पैशांकडे येते. बँक तुम्हाला घराचा हप्ता झेपेल का ते विचारते. त्या घरातून रोज बाहेर पडायला काय लागेल ते विचारत नाही. घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा, हा जुना ठोकताळा. शिकागोतली सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी ही संस्था त्याऐवजी घर आणि प्रवास यांची बेरीज करायला सांगते, आणि ती बेरीज ४५ टक्क्यांच्या आत असेल तर घर परवडतं असं धरते. अशी बेरीज केली की शहराबाहेरच्या कितीतरी ‘स्वस्त’ वस्त्या स्वस्त राहत नाहीत.

तुमची बेरीज तुम्हीच करा, फक्त इंधनावर थांबू नका. इंधन सगळे मोजतात कारण ते दर आठवड्याला खिशातून जाताना दिसतं. गाडीचा मोठा खर्च दिसत नाही: घसारा, विमा, कर्जाचं व्याज, सर्व्हिसिंग, टायर, शहरातलं पार्किंग. यजमानांचं जाऊन-येऊन ५६ किलोमीटर. वर्षाला २३० कामाचे दिवस धरले तर १२,८८० किलोमीटर. हे नुसतं ऑफिस. दुकान, शाळा, दवाखाना, लग्नकार्यं यात नाहीत, आणि दुसरी गाडी तर नाहीच. एका कागदावर दोन गाड्यांचा महिन्याचा सगळा खर्च मांडा, त्यातून आजचा तुमचा प्रवासखर्च वजा करा, जे उरेल ते त्या घराच्या हप्त्यात मिळवा. आता ही रक्कम शहरातल्या लहान फ्लॅटच्या हप्त्याशेजारी ठेवा. दूरचं घर तरीही स्वस्त पडलं तर तसं मोकळेपणी कबूल करा, यजमानांशी अप्रामाणिक होऊ नका. पण हप्त्यातला पैसा निदान भिंतींत जातो. गाडीतला पैसा काही वर्षांनी भंगारवाल्याकडे.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात जागो डॉडसन आणि नील साइप या दोघा अभ्यासकांनी एक निर्देशांक तयार केला होता. गृहकर्जाचा व्याजदर, इंधनाचे भाव आणि महागाई एकदम वाढल्या तर कोणत्या वस्तीला सर्वांत जास्त चटका बसेल, ते त्यांना नकाशावर दाखवायचं होतं. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्यांनी त्याला नाव दिलं ‘व्हॅम्पायर’, म्हणजे रक्त शोषणारं पिशाच्च. रक्त कुठे शोषलं जातं तर शहरांच्या कडेला, जिथे कर्जं मोठी, गाड्या जास्त आणि बस नावापुरती. याचं कारण शोधायला विद्यापीठात जायला नको. इंधन महागलं की शहरातला माणूस चार दिवस बसनं जातो. ज्याच्या दाराशी बसच नाही तो मुकाट्यानं टाकी भरतो आणि दुसरीकडे कुठेतरी हात आखडता घेतो.

वेळेचं दुखणं मुख्यतः यजमानांचं आहे, म्हणून त्यावर त्यांनीच विचार करावा. मी आकडे देते. गर्दीच्या वेळी २८ किलोमीटरला एक तास धरला तर दिवसाचे दोन, वर्षाचे ४६०. आठवड्याला ४० तासांची नोकरी धरली तर साडेअकरा आठवडे झाले. वर्षातले जवळजवळ तीन महिने ते आणखी एक बिनपगारी नोकरी करणार. प्रवासाच्या वेळेचा अभ्यास करणाऱ्या याकोव्ह झहावी यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की निरनिराळ्या शहरांत माणसं दिवसाकाठी सरासरी तासाभराच्या आसपास वेळ प्रवासाला देतात. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये हेच सूत्र जुन्या तटबंदीच्या शहरांना लावून पाहिलं. ती शहरं पाचेक किलोमीटरपेक्षा रुंद होत नसत, कारण मध्यापासून वेशीपर्यंत चालत जाऊन परत यायला मग तास पुरला नसता. यजमान या मापाच्या दुप्पट मागताहेत. लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या घरानं किंवा जास्त पगारानं होत असणार, नाहीतर लोक तो करतील कशाला, असं अर्थशास्त्राचं म्हणणं. स्वित्झर्लंडमधल्या अलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासून २००८ मध्ये लिहिलं की त्यांना ती भरपाई झालेली दिसत नाही. प्रवास लांबतो तसं समाधान उतरतं. ब्रिटनमधल्या माहितीवर नंतर झालेल्या अभ्यासात हा परिणाम असा स्पष्ट निघाला नाही, हेही आत्ताच सांगते, नाहीतर यजमान शोधून काढतील आणि माझं सगळंच उत्तर बाद ठरवतील. माझा अनुभव विचाराल तर मोठ्या खोलीची सवय महिन्याभरात होते. कोंडीची होत नाही, कारण ती रोज नव्या जागी होते.

त्यांना आठवड्याचे तीन दिवस घरून काम करता येत असेल तर वरचा हिशोब बराच हलका होतो. मात्र ही सवलत नेमणूकपत्रात लिहिलेली आहे की साहेबांच्या मर्जीवर आहे, ते बघा. साहेब बदलतात. कर्ज राहतं.

मुलांचं. घर बघताना आपण मुलांचं वय आजचं धरतो. चार वर्षांच्या मुलीला ते अंगण म्हणजे सोनं आहे, पुढची सहा-सात वर्षं तरी. हे यजमानांच्या पारड्यात टाका. पण मुलगा दोन वर्षांत तेरा वर्षांचा होईल. तेरा वर्षांच्या पोराला मागच्या मोकळ्या जागेत काय करायचं असतं? त्याला मित्राकडे जायचं असतं, आणि आईच्या गाडीतून उतरताना कुणी पाहू नये असं वाटत असतं. ब्रिटनमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ आणि १९९० मधल्या मुलांची तुलना केली. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात. १९९० मध्ये ९ टक्के. मधल्या काळात मुलांचे रस्त्यावरचे मृत्यू कमी झाले होते, पण ते रस्ते सुरक्षित झाले म्हणून नव्हे, मुलांनाच रस्त्यावरून उचललं म्हणून, असं त्यांचं म्हणणं होतं. आज तुमचा मुलगा एकटा कुठेकुठे जातो त्याची यादी करा. वाण्याकडे, मैदानावर, कोपऱ्यावरच्या दुकानात वही आणायला, जे असेल ते. त्या वसाहतीत यातलं काय शिल्लक राहतं ते त्यालाच विचारा. तो ११ वर्षांचा आहे, त्याला कळतं.

सासूबाई तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेल्या. मला सर्वांत जास्त त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

माझी आई त्या वसाहतीत आमच्याकडे राहायला आली तेव्हा ६९ वर्षांची होती. शहरात तिचा एक ठरलेला फेरा असे. वाचनालय, एक मैत्रीण, येताना काहीतरी किरकोळ खरेदी. काम तासाभराचं, पण दोन तास लागत, कारण वाटेत माणसं भेटत. वसाहतीपासून वाचनालय नऊ किलोमीटरवर होतं. मी दर गुरुवारी ऑफिसमधून लवकर निघून साडेपाचला तिला न्यायचं असं ठरलं. ती पावणेपाचलाच तयार होऊन बसायची. पुस्तक पिशवीत, चष्म्याची डबी हातात, चपला दाराशी, टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवलेल्या. मला यायला कधी सहा व्हायचे, कधी साडेसहा. वाचनालय सातला बंद. ती एका शब्दानं कधी बोलली नाही. काही दिवसांनी म्हणायला लागली, ‘अगं, हे पुस्तक अजून संपायचंय.’ मग एका गुरुवारी मी चक्क वेळेवर आले, तर दाराशी चपला नव्हत्या. कपाटात, जागच्या जागी होत्या. ‘दमून येतेस, राहू दे,’ म्हणाली. त्यानंतर तीन वर्षं ती ‘राहू दे’ म्हणत राहिली आणि आम्ही त्याला तिचा समंजसपणा म्हणत राहिलो.

तुमच्या सासूबाई आज शहरात कुणाला न विचारता घराबाहेर पडत असतील, तर टोकन देण्याआधी त्यांना विचारा. ‘घर आवडलं का?’ असं विचारू नका, त्या ‘छान आहे’ म्हणतील. ‘तुम्ही दुपारी काय कराल?’ असं विचारा. आणि हा प्रश्न फक्त त्यांच्यापुरता नाही. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या, गाडी चालवणाऱ्या लोकांचा हिशोब मांडला होता. गाडी सोडावी लागल्यानंतरही पुरुषांची सरासरी सुमारे ७ आणि बायकांची सुमारे १० वर्षं उरत होती. यजमानांना आज हे पटणार नाही. तुम्ही ऐकून ठेवा.

बस वाढेल, रेल्वे येईल, रस्ता रुंद होईल ही तीन आश्वासनं आता एका दमात निकालात काढू. बस वसाहत मोठी झाली म्हणून वाढत नाही, दाट झाली तर वाढते. बोरिस पुश्कारेव्ह आणि जेफ्री झुपान यांनी १९७७ मध्ये काढलेला अंदाज असा की अर्ध्या तासाला एक बस चालवायची तर एकरी साधारण सात घरं हवीत. बिल्डरचा नकाशा घेऊन तुमच्या वसाहतीत एकरी किती बसतात ते मोजा. पुढे अंगण, मागे जागा, शेजारी दोन गाड्यांची पार्किंग. ज्या मोकळेपणाला यजमान भुललेत तोच बसला दूर ठेवतो. रेल्वे कागदावर असेल तर शून्य धरा, रूळ पडले असतील तर अर्धी धरा, गाड्या धावत असतील तर पूर्ण. आणि आलीच, तरी स्टेशन घरापासून चालत दहा-बारा मिनिटांत नसेल तर स्टेशनपर्यंत जायला पुन्हा गाडीच काढाल. राहिला रस्ता. जील्स ड्यूरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या महानगरांचे आकडे तपासले, तर महामार्ग जितक्या टक्क्यांनी वाढले जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचं धावणं वाढलेलं निघालं. रस्ता मोकळा झाला की त्याच्या टोकाला पुढची वसाहत उभी राहते, तिचंही ब्रोशर निघतं, आणि त्यात लिहिलेलं असतं: शहरापासून फक्त अर्ध्या तासावर.

एक गंमत सांगते. अशा वसाहतींत रस्ते पुढे जाऊन बंद होतात, प्रत्येक गल्लीला शेवट. या रचनेचा गाजलेला नमुना म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधलं रॅडबर्न, १९२९ सालचं, क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखलेलं. मोटारींच्या युगाचं गाव म्हणून ते वाखाणलं गेलं, पण त्यात घरांच्या मागून पायवाटा होत्या. मूल मोटारींचा रस्ता न ओलांडता बागेतून शाळेत पोचावं, अशी आखणी. पुढे नक्कल करणाऱ्यांनी बंद गल्ल्या तेवढ्या उचलल्या आणि पायवाटा गाळल्या. म्हणून आमच्या वसाहतीत माझ्या मुलीची मैत्रीण आमच्या मागच्या भिंतीपलीकडे राहायची, दोघी भिंतीवरून गप्पा मारायच्या, आणि एकमेकींकडे जायचं तर दीड किलोमीटरचा वळसा, त्यातला निम्मा फूटपाथ नसलेल्या रस्त्यावरून. तुम्ही घराआधी नकाशा बघा. बोटानं दारापासून चालत जा. बोट कुठे अडतं ते कळेल.

महिन्याभरात आणखी काय करता येईल? कामाच्या दिवशी संध्याकाळी, शहरातून निघणाऱ्या गर्दीबरोबर तिथे जा आणि घड्याळ लावा. रात्री दहाला वसाहतीत फिरून प्रत्येक दारात किती गाड्या उभ्या आहेत ते मोजा. दोन-तीन दिसल्या तर तुमच्या घरीही तेवढ्याच होणार. तिथे राहणाऱ्यांना ‘कसं वाटतं?’ विचारू नका, कर्ज डोक्यावर असलेला माणूस आपल्या घराला वाईट म्हणत नाही. ‘गाडी गॅरेजमध्ये असते त्या दिवशी काय करता?’ असं विचारा, आणि शक्यतो बायकांना आणि कॉलेजातल्या मुलांना विचारा. रात्री अँब्युलन्स यायला किती वेळ लागला, ते ज्याच्याकडे आली होती त्याला विचारा.

माझं मत विचाराल तर आत्ता टोकन देऊ नका. तुमच्या घरात पाचापैकी चौघं गाडी न चालवणारे आहेत, आणि ही वसाहत चालवणाऱ्यासाठीच आखलेली आहे. अंगणाची ओढ इतकीच असेल तर त्याच वसाहतीत एखादं घर भाड्यानं मिळतं का ते बघा, एका शालेय वर्षापुरतं. विक्री न झालेली घरं अशा ठिकाणी असतातच. वर्षभरानंतरही सगळ्यांना राहावंसं वाटलं तर मी माझे शब्द मागे घेईन, आणि तोवर तुम्ही गाडीही शिकलेल्या असाल. नाहीतर मधला मार्ग आहे, दोघांनाही थोडा थोडा नावडेल असा: जुन्या, वसलेल्या उपनगरात, स्टेशनपासून चालत जाता येईल असं एक बेडरूम कमी असलेलं घर. अंगण नाही, पण चालत जाता येईल अशी बाग. ते जुनं असेल, पार्किंग अरुंद असेल, आणि यजमान महिनाभर तोंड पाडून बसतील.

माझं मत बदलायला फार काही लागणार नाही. यजमानांचं घरून काम करणं कागदावर असलं, शाळा आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर निघाले, आणि दुसऱ्या गाडीचा खर्च धरूनही दोघांच्या पगाराच्या ४५ टक्क्यांत सगळं बसलं, तर खुशाल घ्या. यातलं एक जमलं तर मात्र घेऊ नका. दोन जमली तर मला पुन्हा लिहा.

आता यजमानांशी बोलायचं कसं. अंगणावर वाद घालू नका, त्यात तुम्ही हराल, आणि हरायलाच हवं, कारण अंगण खरंच छान असणार. त्यांना एवढंच सांगा की एक दिवस रजा काढा, मधल्या वारी. गाडीची किल्ली घरी ठेवायची. त्यांनी सासूबाईंना आणि धाकटीला घेऊन बसनं तिथे जायचं, दुकानापर्यंत जाऊन यायचं, दवाखाना शोधायचा, आणि आठच्या शेवटच्या बसनं परतायचं. तुम्ही बरोबर जाऊ नका, नेहमीसारख्या कामावर जा. आणि त्या दिवशी पावसाचा अंदाज निघाला तर बेत पुढे ढकलू देऊ नका.